दोनशे ऐंशी अक्षरे आणि गोंडी लिपी

७ नोव्हेंबर २०१७ रोजी ट्विटरने (आताच्या एक्सने) आपली सर्वांत प्रसिद्ध मर्यादा दुप्पट केली. १४० अक्षरांच्या जागी २८० अक्षरे आली. मराठीला तो लाभ पूर्ण मिळाला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात बोलल्या जाणाऱ्या गोंडी भाषेला मात्र, ती आपल्या स्वतःच्या लिपीत लिहिली तर, तो मिळाला नाही. हे कुणी जाणूनबुजून केले नव्हते. म्हणूनच त्यामागची हकिकत सांगण्याजोगी आहे.

मुळात १४० हा आकडा आला एसएमएसमधून. एका संदेशात लॅटिन लिपीची १६० अक्षरे मावत. ट्विटरने त्यांतील २० वापरकर्त्याच्या नावासाठी राखून ठेवली आणि १४० उरली. त्याच एसएमएसमध्ये देवनागरी लिहिले की मर्यादा ७० वर येई. आईला पाठवलेला चार ओळींचा मराठी निरोप दोन संदेशांचे पैसे घेऊन जाई, आणि रोमन मराठीची सवय महाराष्ट्राला लागली ती काही प्रमाणात याच हिशोबामुळे.

२०१७ मध्ये मर्यादा वाढवताना कंपनीने एक निरीक्षण मांडले होते. इंग्रजीतील ९ टक्के ट्विट १४० च्या टोकाला जाऊन थांबत, जपानीतील केवळ ०.४ टक्के. एका चिनी किंवा जपानी चिन्हात अख्खा शब्द मावतो, हे त्याचे कारण. म्हणून चिनी, जपानी व कोरियन या भाषांना वाढ द्यायची नाही असे ठरले. संगणकाला हे सांगायची रीत साधी होती: लॅटिन, अरबी, देवनागरी, तेलुगू इत्यादी लिपी जिथे बसतात तो संकेतांकांचा सुरुवातीचा पट्टा एक धरायचा आणि त्यापलीकडचे, काही विरामचिन्हे वगळता, सारे दोन.

त्यापलीकडच्या प्रदेशात चिनी होती, जपानी होती आणि अवघ्या साडेचार महिन्यांपूर्वी तिथे राहायला आलेली गोंडी लिपीही होती.

गोंडी ही द्राविड कुळातील भाषा आहे. मराठीच्या शेजारी शतकानुशतके राहूनही तिचे नाते तेलुगू, कुई, कोंडा यांच्याशी आहे. २०११ च्या जनगणनेत २९,८४,४५३ लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. चंद्रपूर हे तर गोंड राजांच्या राजधानीचे शहर. नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्ये ते राज्य घेतले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्या जुन्या चांदा जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा निघाला आणि गोंडी-माडियाचा मोठा मुलूख नव्या जिल्ह्यात गेला.

या भाषेचा छापील इतिहास परक्या लिपीत सुरू होतो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे गीत गोंडीतून उतरवून घेतले ते रोमन अक्षरांत. १८६३ मध्ये हिस्लॉप बुडून मरण पावले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे महाराष्ट्र व मध्य प्रदेशात गोंडी देवनागरीत, तर आंध्र-तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाऊ लागली. म्हणजे अहेरीतला गोंड आणि आदिलाबादचा गोंड एकमेकांशी बोलू शकत, पण एकमेकांचे पत्र वाचू शकत नसत.

या अडचणीला १९१८ मध्ये बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी उत्तर दिले. त्यांनी गोंडीसाठी नवी लिपी घडवली. वर्णमालेची मांडणी भारतीय लिपींसारखी, पण अक्षरांची रूपे कुणाकडून उसनी घेतलेली नाहीत. छापखाना नाही, राजाश्रय नाही, शाळा नाही. तरीही ती हस्तलिखिते, पत्रके आणि छोट्या पुस्तिका यांतून टिकली.

दुसरी लिपी त्याहून जुनी आणि चंद्रपूरच्या अधिक जवळची. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावात २००६ मध्ये हैदराबाद विद्यापीठाच्या जयधीर तिरुमल राव यांच्या पथकाला वेगळ्याच लिपीतली गोंडी हस्तलिखिते आढळली. त्यांचा काळ सुमारे १७५० पर्यंत मागे नेला जातो. चांद्याचे गोंड राज्य अस्ताला जात होते, त्याच सुमारास शेजारच्या डोंगरात कुणीतरी गोंडी लिहीत बसले होते, एवढे यावरून म्हणता येते. त्याहून अधिक काही म्हणण्याचा मोह आवरलेला बरा.

आता युनिकोडकडे वळावे लागते, कारण कोणत्याही मंचावरची कोणतीही सोय शेवटी त्याच पायावर उभी असते. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, हे त्याचे तत्त्व. क्रमांक नसेल तर अक्षर टंकता येत नाही, शोधता येत नाही, त्याचा हॅशटॅग होत नाही. देवनागरीला ऑक्टोबर १९९१ मध्ये, पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली. तरी मराठीची सोय पुरी झाली नव्हती. ‘ॲप’ या शब्दातला ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून एप्रिल २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आला. त्याच आवृत्तीत संथाळीची ओल चिकी लिपीही आली. आणि गंमत पाहा, ॲपलचे ॲप स्टोअर उघडले ते त्याच वर्षीच्या जुलैत. मराठीला तो शब्द नीट लिहिण्याचे अक्षर जेमतेम तीन महिने आधी हाती आले होते.

गोंडीचा प्रस्ताव अंशुमान पांडे यांनी तयार केला. भारतातल्या व भारताबाहेरच्या कितीतरी दुर्लक्षित लिपी त्यांच्या प्रस्तावांमुळे युनिकोडमध्ये आल्या आहेत. जून २०१७ च्या १०.० या आवृत्तीत ‘मसराम गोंडी’ची ७५ चिन्हे दाखल झाली, जून २०१८ च्या ११.० मध्ये ‘गुंजाळा गोंडी’ची ६३. घडल्यापासून नव्याण्णव वर्षांनी मसरामांच्या अक्षरांना क्रमांक मिळाले.

पण पहिल्या मजल्यावर आता मोठ्या जागा फारशा उरल्या नव्हत्या. युनिकोडची मूळ कल्पना ६५,५३६ घरांची होती. १९९६ मध्ये ती अकरा लाखांवर नेण्यात आली. गोंडीच्या दोन्ही लिपींना घर मिळाले ते या वरच्या मजल्यावर. देवनागरीच्या एका चिन्हाला इंटरनेटवरील प्रचलित साठवणुकीत तीन बाइट लागतात, गोंडीला चार. अनेक जुन्या प्रणाली तीनच्या पुढे मोजतच नसत. मायएसक्यूएल या अतिप्रचलित डेटाबेसच्या जुन्या रचनेत अशी अक्षरे साठवताच येत नसत.

ही अडचण दूर कुणी केली? भाषाप्रेमींनी नव्हे, इमोजींनी. हसरे चेहरे २०१० च्या ६.० आवृत्तीत याच वरच्या मजल्यावर येऊन बसले. ते दिसले नाहीत की ग्राहक तक्रार करी, त्यामुळे फोन, मंच आणि डेटाबेस बनवणाऱ्यांना जिना बांधणे भाग पडले. गोंडी त्याच जिन्याने वर गेली. मध्य भारतातल्या लिपीची वाट हसऱ्या पिवळ्या गोळ्यांनी मोकळी करावी, हे इतिहासाच्या विनोदबुद्धीला शोभणारेच आहे.

आणि तिथेच तो २८० चा हिशोब आडवा आला. ‘गोंडी’ हा शब्द देवनागरीत पाच चिन्हांचा: ग, ओकार, अनुस्वार, ड, ईकार. मसराम लिपीतही तो तितक्याच चिन्हांचा, पण ट्विटर तो दहा मोजते. चिनी चिन्हात शब्द मावतो म्हणून त्याला दुप्पट धरणे समजण्यासारखे आहे. गोंडीच्या मात्रेत तर मात्राच मावते. परिणाम असा की ज्या वर्षी जगाला २८० मिळाले, त्याच वर्षी युनिकोडमध्ये आलेल्या लिपीला जुनेच १४० राहिले. या धाग्यातील प्रत्येक देवनागरी चिन्ह एक मोजले जाते, हेही जाता जाता लक्षात घ्यावे.

मग गोंडी तरुणाने देवनागरीतच लिहावे, हे उत्तर सोपे वाटते, आणि बहुतेक जण तेच करतात. त्याचीही किंमत आहे. मंच मजकुराची भाषा आपोआप ओळखतो आणि त्यावर भाषांतर, शोध, शिफारस या सोयी चालतात. ट्विटरच्या ओळखीच्या यादीत हिंदी, मराठी, नेपाळी होत्या; गोंडी नव्हती. देवनागरीतली गोंडी त्या यंत्राला हिंदी, मराठी किंवा ‘अनिश्चित’ यांपैकी काहीतरी वाटणार. स्वतःच्या लिपीत लिहावे तर मोजमाप दुप्पट, दुसऱ्याच्या लिपीत लिहावे तर नाव पुसले जाते, अशी ही कोंडी आहे.

तिसरा मार्ग लिपीलाच वळसा घालणारा होता. शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले: साध्या फोनवरून कॉल करा, आपल्या भाषेत निरोप नोंदवा, इतरांचे ऐका. ना कळफलक, ना फाँट. याच वर्तुळातून २०१४ पासून वेगवेगळ्या राज्यांतील गोंडीभाषकांच्या कार्यशाळा झाल्या आणि २०१८ मध्ये हंपीच्या कन्नड विद्यापीठात सुमारे ३,००० शब्दांचा प्रमाण गोंडी कोश पुढे आला. नंतर मायक्रोसॉफ्ट रिसर्च व नया रायपूरच्या ट्रिपल आयटीच्या सहभागाने हिंदी-गोंडी यंत्रभाषांतराचेही काम झाले.

दरम्यान गडचिरोलीत भाषेचा प्रश्न शाळेपर्यंत पोहोचला होता. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा उघडली. मान्यता नसल्याची नोटीस शिक्षण विभागाकडून आली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. संथाळी व बोडो २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत गेल्या. त्याहून मोठा भूप्रदेश व्यापणारी गोंडी अजून बाहेर आहे. कंपन्या भारतीय भाषांची यादी करताना आधी त्या अनुसूचीकडेच पाहतात, हे इथे विसरता येत नाही.

१ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ या भाषांतर ॲपची चाचणी आवृत्ती खुली केली. संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी या चार भाषांपासून आरंभ झाला. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीत गोंडी ही एक भाषा म्हणून नोंदलेली नाही. उत्तरी गोंडी, आदिलाबाद गोंडी आणि अहेरी गोंडी अशा तीन नोंदी आहेत, आणि गडचिरोलीतल्या अहेरीच्या नावाने ‘ई-एस-जी’ हा संकेत आहे. आदि वाणीच्या पहिल्या यादीत गोंडीपुढे कंसात लिहिले होते: छत्तीसगड.