घर कोणी दुरुस्त केलं? एका साध्या प्रश्नाचा पुरावा शोधताना

नागपुरात महाल, इतवारी, सीताबर्डी, धंतोली अशा जुन्या वस्त्यांत अधूनमधून एक दृश्य दिसतं. नोकरी करणारं एखादं जोडपं जुनं घर विकत घेतं, किंवा वाटणीत आलेलं घर ताब्यात घेतं, आणि राहायला जाण्याआधी कित्येक महिने सुटीचे दिवस तिथेच काढतं. रंग खरवडायचा, दारांवरचे तेलरंगाचे थर काढून खालचं सागवान बघायचं, कवेलू उतरवून धुवायचे, फुटके वेगळे काढायचे. गवंडी लागतो, सुतार लागतो, वायरिंगला माणूस लागतो; पण बरंच काम दोघंच करतात. शेजाऱ्यांना वाटतं, पैसे कमी पडले असतील.

आता संशोधनाच्या अंगाने विचार करा. पन्नास वर्षांनी कोणी या घराचा इतिहास लिहायला बसलं, तर हे काम कोणी केलं याचा पुरावा त्याला कुठे मिळेल? सिनॉप्सिस लिहिताना आपण 'साधने' या मथळ्याखाली अभिलेखागार, गॅझेटियर, वृत्तपत्रं, मुलाखती अशी यादी टाकून मोकळे होतो. पण प्रश्न आणि साधन यांची गाठ पडते का, हे तपासत नाही. घराच्या दुरुस्तीचा प्रश्न त्यासाठी चांगला आहे, कारण तो दिसतो साधा आणि यादीतल्या जवळजवळ प्रत्येक साधनाला निरुत्तर करतो.

नगर भूमापन कार्यालयातली आखीव पत्रिका घ्या. तिच्यात भूखंडाचं क्षेत्रफळ, धारकाचं नाव, फेरफार, बोजा एवढं मिळतं. नागपुरात बरीच जमीन नझूलची आहे, तिथे भाडेपट्ट्याचे कागदही असतात. खरेदीखतात चतुःसीमा असतात, म्हणजे पूर्वेला कोणाचं घर, पश्चिमेला कोणता रस्ता. शेजार कसा बदलत गेला हे त्यावरून फार छान कळतं. महापालिकेच्या घरटॅक्सच्या नोंदीत बांधकाम वाढलं की आकारणी वाढलेली दिसते. नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा १९३६चा; प्रन्यासच्या ले-आउटमधलं घर असेल तर नकाशेही मिळू शकतात. भोसलेकालीन घर असेल तर मोडी यायलाच हवी, त्याला पर्याय नाही. हे सगळं पाहून झाल्यावर तुमच्या हातात काय येतं? घर कोणाचं होतं, केवढं होतं, त्यावर कर किती होता. भिंत कोणी लिंपली, हे कुठेच नाही. राज्यसंस्थेला मालकाशी आणि करदात्याशी देणंघेणं असतं, लिंपणाऱ्याशी नसतं.

मोठ्या वास्तूंचंही फारसं वेगळं नाही. भोसल्यांचा राजवाडा काळ्या पाषाणाचा होता, त्यावर लाकडी कोरीवकाम भरपूर होतं आणि १८६४मध्ये तो जळाला, हे गॅझेटियर सांगतं. त्याच्या भोवतीच्या गल्ल्यांतली घरं त्यानंतर किती वेळा पडली आणि किती वेळा उभी राहिली, याबद्दल गॅझेटियरला एक ओळही खर्च करावीशी वाटत नाही.

जनगणना तरी मदतीला येईल असं वाटतं. घरयादीच्या वेळी छप्पर, भिंत आणि जमीन कशाची आहे हे विचारतात, आणि २००१ व २०११ला घराची अवस्थाही नोंदवली: चांगलं, राहण्याजोगं, मोडकळीला आलेलं. पण मोडकळीला आलेलं घर पुढच्या खेपेला 'चांगलं' झालं असेल, तर मधल्या दहा वर्षांत कोणाचे हात लागले, हा प्रश्न प्रगणकाच्या कागदावर नाही.

तेव्हा उलट बाजूने जाऊ. असं एखादं घर शोधू, ज्याच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, आणि बघू की तिथे तरी दुरुस्ती करणारे हात दिसतात का. नागपूरहून दोनेक तासांत सेवाग्रामला पोचता येतं. बहुतेकांनी शाळेच्या सहलीत बापूकुटी पाहिली आहे. पुन्हा एकदा जा, या वेळी फक्त बांधकाम बघायला.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या सेगावला आले. (शेगाव आणि सेगाव यांत टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून १९४०मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं.) पहिली इमारत म्हणजे आदी निवास. त्या एका मोठ्या दालनात सगळेच राहत होते: गांधीजी, कस्तुरबा, आश्रमवासी, पाहुणे. आज ज्याला आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात बापूंची नव्हतीच. ती मीराबेनची, म्हणजे मॅडलिन स्लेड यांची. त्यांनी ती स्वतःसाठी उभारली होती: माती, बांबू, लाकूड, वर कवेलू. मातीच्या भिंतीवर झाडं, चरखा, ॐ अशी उठावाची चित्रंही त्यांनीच काढली. पुढे गांधीजी तिथे राहायला गेले आणि गरजेप्रमाणे कुटीत भर पडत गेली. म्हणजे देशातलं हे सगळ्यात प्रसिद्ध मातीचं घर दुसऱ्याच्या घरात बदल करून राहण्याजोगं केलेलं घर आहे. आपल्या विषयातलंच प्रकरण.

कस्तुरबांचं काय झालं? आदी निवासात इतक्या पुरुषांच्या वर्दळीत त्यांना आडोसा नव्हता. त्यांची ही अडचण जमनालाल बजाजांच्या लक्षात आली आणि त्यांनी बांसाठी वेगळी कुटी बांधवली. ती बा-कुटी आजही आहे, बापूकुटीपासून काही पावलांवर. आता पुराव्याचा तोल बघा. गांधीजींचं संकलित वाङ्मय इंग्रजीत शंभर खंडांचं आहे. मीराबेननी आत्मचरित्र लिहिलं, ते १९६०मध्ये प्रसिद्ध झालं. बांनी स्वतः लिहिलेलं फारच थोडं. त्या आपल्याला भेटतात त्या सुशीला नय्यर, वनमाला परीख अशा इतरांच्या आठवणींतून. त्या एका खोलीबद्दल कस्तुरबांना काय वाटलं, यासाठी बा-कुटी स्वतःच दस्तऐवज आहे. नवऱ्याच्या तत्त्वाने उभ्या राहिलेल्या घरात बायकोला चार वेगळ्या भिंती लागल्या, हे ती इमारत बोलते. माझ्या मते हा शंभर खंडांना पुरून उरणारा पुरावा आहे, पण तो 'वाचायला' तिथे उभं राहावं लागतं.

आणि बांधणारे? जानेवारी १९७८मध्ये इव्हान इलिच सेवाग्रामला आले, कुटीत बसले आणि त्या झोपडीवर त्यांनी एक भाषण दिलं. जगभर ते वाचलं जातं, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना तर हमखास देतात. यंत्राविना, माणसाच्या हातांनी घडलेलं घर म्हणून ते कुटीचा गौरव करतात. ते हात मात्र कोणाचे, हा प्रश्न तिथे येत नाही. आसपासच्या गावांतली माणसं मातीत राबली असणार. मीराबेनची सही भिंतीवर आहे, त्यांची नाही. शिवाय मातीचं घर एकदा बांधून संपत नाही. दर वर्षी लिंपावं, सारवावं लागतं, कवेलू फेरावे लागतात. १९३०च्या दशकातल्या कुटीच्या भिंतीवर आज तुम्ही हात ठेवता तेव्हा बोटांना लागतो तो नंतरच्या कुठल्यातरी वर्षीचा थर. कुटी 'जशीच्या तशी' राहिली, कारण कोणीतरी ती सतत नवी करत राहिलं. जतन आणि दुरुस्ती यांतला फरक इथे पुसला जातो, आणि यावर स्वतंत्र प्रबंध होऊ शकतो. हवा असेल तर विषय घ्या, माझी हरकत नाही.

सामान्य लोकांनी आपापली घरं दुरुस्त केल्याची कागदावर आलेली एक घटना मात्र आहे, आणि ती होळकरांच्या इंदुरातली. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४मध्ये भारतात आले. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख तेच. इंदूर शहरासाठी त्यांनी केलेला अहवाल १९१८चा. तिथे प्लेगची भीती होती. गेडिसनी दिवाळीची एक मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या गल्ल्यांत लोकांनी घरं जास्त साफ केली असतील, डागडुजी केली असेल, झाडं लावली असतील, त्या गल्ल्यांतून ती जाईल. कचरा फुकट उचलला जाईल असंही सांगितलं. मग काय, शहर कामाला लागलं. कचऱ्याच्या गाड्यांवर गाड्या निघाल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता आणि शेवटी त्यांचं दहन झालं.

गोष्ट झकास आहे, म्हणूनच सावध राहायला हवं. ती लोकप्रिय झाली ॲमेलिया डेफ्रीस यांच्या १९२७च्या पुस्तकामुळे, आणि त्या गेडिसच्या चाहत्या होत्या. गोष्टीचा नायक गेडिस. इंदूरचे लोक म्हणजे 'शहर'. दिवाळीआधी घर झाडणं, चुना मारणं, जमीन नव्याने करणं हे तर मराठी घरांत गेडिस यायच्या कितीतरी आधीपासून चालू होतं, आणि ते करत होत्या मुख्यतः बायका. साहेबाने ते सुरू केलं नाही. त्याने केलं एवढंच की आधीच होत असलेल्या कामाला मिरवणुकीचा मार्ग बक्षीस म्हणून दिला, आणि त्यामुळे ते काम पहिल्यांदा छापील कागदावर आलं. स्रोत-चिकित्सा म्हणतात ती हीच: घटना कधी घडली याबरोबर ती नोंदवण्याजोगी कधी ठरली, हेही विचारायचं.

इथे 'स्वतः' या शब्दाकडे जरा बघू. दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या विदर्भातल्या गावात पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरणं हे जवळजवळ प्रत्येक घराचं काम होतं. नवरा छपरावर, बायको खालून कवेलू देणारी, पोरं फुटके गोळा करणारी. याला कोणी 'रिनोव्हेशन' म्हटलं नाही. जरा बरी परिस्थिती असलेल्या घरात तेच काम मजुरी देऊन करून घेतलं जाई. गरिबाने केलं तर ती गरज, आणि पगारदाराने केलं तर तो छंद. नाव बदललं की समाजशास्त्राच्या जर्नलमध्ये जागा मिळते! पण संशोधकाने दोन्हीकडे एकाच नजरेनं बघायला हवं, नाहीतर आपण मध्यमवर्गाच्या शनिवार-रविवारचा इतिहास लिहून त्यालाच 'घराचा इतिहास' म्हणून बसू.

कागद संपले की उरतं ते घरच. आणि स्वतः काम करणारं जोडपं इथे इतिहासकाराच्या उपयोगी पडतं, कारण ते हळू काम करतं. ठेकेदाराची माणसं दोन दिवसांत गिलावा पाडून मलबा गाडीत भरतात. हे दोघं हातभर भिंत खरवडायला अख्खी दुपार घालवतात. त्या दुपारी थर दिसतात. वरती डिस्टेंपर, खाली चुन्याचे कितीतरी हात, मध्येच नीळ घातलेला एक. भिंतीतल्या कपाटाच्या फळीवर अंथरलेलं वर्तमानपत्र दिसलं तर ते फाडू नका, तारीख वाचा. मंगळुरी कवेलूवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५चा आणि रेल्वे नागपूरला पोचली १८६७मध्ये. म्हणजे तसलं कवेलू नागपूरच्या छपरावर साधारण त्यानंतरचंच. लोखंडी तुळईवर टाटांचं नाव असेल तर ती १९१२च्या आधीची नाही, कारण जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं तेच त्या वर्षी.

पण याचा अर्थ घर तेव्हाचं, असा होत नाही. इथे नवखे फसतात. कवेलू, तुळया, दारं हे सगळं एका घरातून निघून दुसऱ्या घरात जातं. जुन्या लाकडाचा बाजार काही आजचा नाही. वस्तू फक्त 'याच्या आधी नाही' एवढंच सांगते, 'याच वर्षी' असं सांगत नाही. एकच तारीख देणाऱ्या दोन-तीन वेगळ्या खुणा मिळाल्या, तरच पुढे सरकायचं.

सिमेंटचा गिलावा वाचायला शिका. माती-चुन्याच्या भिंतीवर नंतर कोणीतरी हौसेनं सिमेंट चढवलेलं असतं. माती आणि चुना ओल आत घेतात आणि बाहेर सोडतात. सिमेंट ती वाट अडवतं. मग ओल आत साठते, गिलावा पोकळ होतो, बोटाने वाजवला तर ढबढब आवाज येतो. अशी भिंत म्हणजे एका काळाच्या 'पक्क्या घरा'च्या कल्पनेचा पुरावा. नागपूरची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, त्यामुळे भिंतींना तडे जातात. एकाच तड्यात आधी माती, मग चुना, मग सिमेंट भरलेलं दिसलं, तर तिथे तीन वेगवेगळ्या वेळच्या दुरुस्त्या एकावर एक बसल्यात असं समजायला जागा आहे.

तुमच्या ओळखीत कोणी असं घर उघडत असेल तर विचारून जा. फोटोत मोजपट्टी ठेवा, प्रत्येक थराचा छोटा तुकडा वेगळ्या लिफाफ्यात घालून त्यावर खोली, भिंत, जमिनीपासूनची उंची आणि तारीख लिहा. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडा घासू नका, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा. आणि त्या दोघांची मुलाखत वेगवेगळी घ्या. 'कोणी काय केलं' याचं उत्तर एकत्र बसवून विचारलं तर बहुतेक वेळा एकच जण देतो.

आजच्या काळापुरतं एक साधन आपल्याकडे आहे, जे आधीच्या इतिहासकारांना नव्हतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं. माणसं दिवसभर काय करतात याच्या त्या वर्गीकरणात घराची स्वतः केलेली सजावट, देखभाल आणि दुरुस्ती यासाठी वेगळा संकेतांक आहे. बाई आणि पुरुष यांची नोंद स्वतंत्र आहे. आकडेवारीची भीती वाटत असेल तर अर्थशास्त्र विभागातल्या एखाद्या मैत्रिणीला चहा पाजा आणि महाराष्ट्राच्या नोंदी वेगळ्या काढायला सांगा. मात्र त्या उघडण्याआधी संकेतांकाची व्याख्या नीट वाचा: सारवणं त्यात 'दुरुस्ती' धरलंय की 'साफसफाई', यावर तुमचा सगळा निष्कर्ष फिरू शकतो.