फझलुर रहमान खान : शिष्यवृत्तीवर शिकलेले इंजिनिअर आणि त्यांच्या नावाची स्मारके

शिकागोचा ११० मजली सीअर्स टॉवर (आता विलिस टॉवर) सुमारे पंचवीस वर्षे जगातली सर्वात उंच इमारत होता. त्याची बांधणी कशी असावी हे ठरवणारे सिव्हिल इंजिनिअर होते मरहूम फझलुर रहमान खान. आपल्या मुलांना बुर्ज खलिफाचे नाव पाठ असते, पण ज्यांच्या कामामुळे असे मनोरे उभे राहू लागले त्यांचे नाव फारसे माहीत नसते.

शिक्षण
जन्म ३ एप्रिल १९२९, ढाका. वालिद गणिताचे शिक्षक, पुढे कॉलेजचे प्राचार्य झाले. खान यांनी कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात आणि नंतर ढाक्याच्या अहसानुल्लाह इंजिनिअरिंग कॉलेजात शिक्षण घेतले. १९५२ मध्ये फुलब्राइट आणि सरकारी अशा दोन शिष्यवृत्त्यांच्या आधारावर ते अमेरिकेला गेले. इलिनॉय विद्यापीठात तीन वर्षांत दोन मास्टर्स आणि एक पीएचडी पूर्ण केली. पैशाची सोय होती म्हणून तीन वर्षे मन लावून शिकता आले.

काम
१९५५ मध्ये ते शिकागोच्या एसओएम या कंपनीत दाखल झाले. जुन्या पद्धतीत इमारत जेवढी उंच, तेवढे लोखंड वाऱ्याला तोंड देण्यासाठी वाढत जायचे, आणि खर्च परवडेनासा व्हायचा. खान यांनी इमारतीचा भार आणि वाऱ्याचा जोर बाहेरच्या चौकटीवर घेतला. बांबू आतून पोकळ असूनही वाऱ्यात टिकतो, तसेच काहीसे. यालाच ‘ट्यूब’ पद्धत म्हणतात. जॉन हॅनकॉक सेंटरच्या १०० मजल्यांवर बाहेरून दिसणाऱ्या मोठ्या फुल्या याच विचारातून आल्या. सीअर्स टॉवरमध्ये तर नऊ ट्यूब मोळीसारख्या एकत्र बांधल्या आहेत.

आपल्याकडचे अनेक हाजी त्यांच्या आणखी एका कामाखालून गेले आहेत. जेद्दा विमानतळाचे हज टर्मिनल १९८१ मध्ये तयार झाले. त्याला कापडी तंबूंसारखी २१० छपरे आहेत. बाजू मोकळ्या, गरम हवा वरून निघून जाते, खाली सावली राहते. या कामाला १९८३ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तो पाहायला खान नव्हते. २७ मार्च १९८२ रोजी जेद्दातच त्यांचा इंतकाल झाला होता.

खिदमत
१९७१ च्या युद्धात त्यांनी शिकागोत राहून बांगलादेशातल्या पीडितांसाठी मदतनिधी उभारणारी संघटना चालवली आणि तिथल्या बंगाली लोकांना एकत्र आणले. पुढे १९९९ मध्ये बांगलादेशने त्यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार दिला आणि टपाल तिकीटही काढले.

त्यांच्या नावाने काय चालते?
अमेरिकेच्या लीहाय विद्यापीठात त्यांच्या नावाने प्राध्यापकपद (‘चेअर’) आणि व्याख्यानमाला आहे. उंच इमारतींच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतर्फे त्यांच्या नावाचे जीवनगौरव पदक दिले जाते. शिकागोत सीअर्स टॉवरजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. यातले चेअर सर्वात टिकाऊ. कारण मूळ रक्कम गुंतवून ठेवायची आणि फक्त उत्पन्न खर्च करायचे, अशी अशा पदाची सर्वसाधारण रीत असते. आपल्याला वक्फमुळे ही रीत नवी नाही.

आपल्या गावासाठी
एखादे इंजिनिअर, डॉक्टर किंवा शिक्षक गेले की घरचे लोक शिष्यवृत्ती जाहीर करतात. पहिल्या वर्षी हॉल, शाल, फोटो सगळे होते. तिसऱ्या वर्षी कोणाला आठवत नाही. म्हणून सुरू करतानाच काही गोष्टी ठरवाव्यात :

– मूळ रकमेला हात लावायचा नाही. व्याज नको असेल तर दुकान-खोलीचे भाडे चालेल.
– पैसे ॲडमिशनच्या वेळीच द्यावेत. जानेवारीतल्या सत्कारात मिळालेला चेक जुलैची फी भरत नाही.
– दहा जणांना एकदाच हजार-हजार देण्यापेक्षा एकाला पूर्ण कोर्सभर साथ द्यावी. डिप्लोमावाल्यांनाही विसरू नये.
– अर्जासोबत मरहूमच्या कामाची एक पानाची माहिती द्यावी, म्हणजे मुलाला कळेल की आपण कोणाच्या नावावर शिकतोय.

अमेरिकेत शिकायचे असेल तर भारतीय विद्यार्थ्यांसाठी तीच योजना आज ‘फुलब्राइट-नेहरू’ नावाने चालते. बीईच्या मुलामुलींनी तिची माहिती आत्तापासून काढून ठेवावी.