ऐकून घेणारा सुपरवायझर

कोचिंग म्हटलं की आपल्याला लातूर नाहीतर कोटा आठवतं. आयटीत मात्र हल्ली मॅनेजरनेच ‘कोच’ व्हायचं असतं. म्हणजे दर पंधरा दिवसांनी वन-ऑन-वन लावायचं आणि हुकूम न सोडता समोरच्याचं ऐकून घ्यायचं. एचआरच्या स्लाइड्स पाहून हे कालपरवाचं खूळ वाटतं. पण शंभरेक वर्षांपूर्वी एका प्रचंड कारखान्यात हे करून झालंय. ते कसं संपलं, यात मला जास्त रस आहे.

शिकागोला लागून असलेल्या सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे टेलिफोनची यंत्रं बनायची आणि १९२९च्या सुमारास जवळपास ४०,००० माणसं कामाला होती. दिव्यांचा उजेड कमीजास्त करून उत्पादन मोजायचा तिथला प्रयोग एमबीएवाल्यांना पाठ असतो. मुलाखतींचं नाव फारसं कुणी काढत नाही. १९२८ ते १९३० या काळात कंपनीने २१,१२६ मुलाखती घेतल्या, आणि त्या घ्यायला सुपरवायझरांमधूनच माणसं निवडली. नावं वगळून त्यातले उतारे सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात चर्चेला ठेवले जायचे. आपल्या हाताखालची माणसं काय भोगतात, हे त्यांना त्यांच्याच शब्दांत कळावं म्हणून.

आधी प्रश्न ठरलेले होते: काम कसं, साहेब कसा, सोयी कशा. पण माणसं उत्तर देता देता भलतीकडेच जायची. शेवटी १९२९मध्ये प्रश्नावली बाजूला ठेवली आणि बोलणारा नेईल तिकडे जायचं ठरलं. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली!

याच मुलाखतींमधला एक किस्सा आहे. एका बाईने कँटीनच्या जेवणाबद्दल भरपूर तक्रार केली. नंतर भेटल्यावर तिने मुलाखत घेणाऱ्याचे आभार मानले, तुमच्यामुळे जेवण लगेच सुधारलं म्हणून. जेवणात काहीच बदललं नव्हतं. वाचून आधी हसू आलं, मग जरा धास्तावलो. नुसतं ऐकून घेऊन माणूस निवत असेल, तर जेवण सुधारायचा खर्च कोण करील?

महामंदी आली, माणसं कमी झाली आणि १९३१मध्ये मुलाखती थांबल्या. १९३६मध्ये हे काम पुन्हा सुरू झालं, पण आता कंपनीने ऐकण्यासाठी वेगळे समुपदेशक नेमले. त्यांनी कामगारांमध्ये फिरायचं, ऐकायचं, ऐकलेलं पोटात ठेवायचं. तक्रारीवर काही करायचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. तो होता सुपरवायझरकडे, आणि ऐकण्याचं काम आता त्याचं राहिलं नव्हतं. माझ्या मते कार्यक्रम खरा तिथेच संपला. कागदोपत्री बंद व्हायला १९५६ उजाडलं.

आमच्याकडे मध्यंतरी अ‍ॅपवरून बाहेरच्या कोचची वेळ घ्यायची सोय झाली. बोलून बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. पण सलग तिसऱ्या आठवड्यात रात्रीचं ऑन-कॉल कुणाच्या वाट्याला येणार, हे ठरवणारा माणूस त्या कॉलवर नसतो.