जपानी भाषेचे पहिले विद्यार्थी

श्रोतेहो, इतिहासावर बोलावयाचे म्हटले की राजे, लढाया आणि तह यांचीच आठवण प्रथम व्हावी, हे स्वाभाविक आहे. परंतु दोन देशांचा खरा परिचय लढाईने होत नाही आणि तहानेही होत नाही. एका देशाचा कोणी मनुष्य दुसऱ्या देशाच्या भाषेचा श्रीगणेशा गिरवू लागतो, त्या दिवशी त्या परिचयास आरंभ होतो. आज आम्ही अशाच काही श्रीगणेशा गिरवणाऱ्यांची हकीकत सांगणार आहो. भाषा जपानी, आणि काळ मुख्यतः सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध.

हा विषय निवडण्याचे कारण आपल्या जवळचेच आहे. गेल्या काही दशकांत पुण्यामुंबईकडे जपानी भाषा शिकणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली. त्यांच्या हाती छापील पुस्तके आहेत, शिकवावयास शिक्षक आहेत, पायरीपायरीच्या परीक्षा आहेत. यांपैकी काहीही नसताना ही भाषा ज्यांनी शिकावयास घेतली त्यांचे काय झाले, हे पाहणे बोधप्रद आहे. शिवाय या कथेचा आरंभ आपल्या शेजारी, गोव्यातच होतो.

इ. स. १५४७ च्या अखेरीस मलाक्का बंदरात फ्रान्सिस झेवियर या ख्रिस्ती धर्मोपदेशकास अंजिरो नावाचा एक जपानी मनुष्य भेटला. हा जपानच्या दक्षिणेकडील सात्सुमा प्रांतातील कागोशिमाचा राहणारा. हातून मनुष्यवध घडल्यामुळे तो पोर्तुगीज गलबतावरून परागंदा झाला होता. १५४८ च्या मार्चमध्ये तो गोव्यास पोहोचला, तेथील सेंट पॉल कॉलेजात राहिला, त्याच वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला आणि थोड्याच महिन्यांत तो पोर्तुगीज लिहावयास-वाचावयास शिकला. २९ नोव्हेंबर १५४८ रोजी त्याच्या नावाचे एक पत्र गोव्याहून युरोपास गेले. म्हणजे युरोपीय माणसे जपानी शिकू लागण्यापूर्वी एक जपानी मनुष्य युरोपीय भाषा शिकून बसला होता. या व्यवहारात पहिला विद्यार्थी तोच, आणि पुढे पहिला गुरूही तोच झाला.

या दोघांमधील एक संवाद झेवियरने पत्रात लिहून ठेवला आहे. जपानी लोक वरून खाली लिहितात हे पाहून त्याने अंजिरोस विचारले, 'तुम्ही आमच्यासारखे का लिहीत नाही?' अंजिरोने उलट प्रश्न केला की, तुम्ही आमच्यासारखे का लिहीत नाही? माणसाचे डोके वर आणि पाय खाली असतात, तेव्हा लिहिणेही वरून खालीच यावयास हवे! आमच्या मते जपानी भाषेचा पहिला पाठ तो हाच. आपली रीत ही जगाची रीत नव्हे, एवढे ज्याला उमगले त्याच्या पाटीवर पुढची अक्षरे उमटू लागतात.

१५ ऑगस्ट १५४९ रोजी झेवियर, कोझ्मे द तोरेस, हुआन फर्नांडेझ आणि अंजिरो ही मंडळी कागोशिमास उतरली. नोव्हेंबरात लिहिलेल्या पत्रात झेवियर आपली अवस्था मोकळेपणाने सांगतो. लोक आपल्याविषयीच बोलत असतात आणि आपण त्यांच्यामध्ये पुतळ्यांसारखे मुके उभे असतो. आता भाषा शिकण्यासाठी लहान मुलांसारखे होणे भाग आहे, असा त्याचा आशय आहे. चाळीस दिवसांत दहा आज्ञा समजावून देण्याइतके शब्द त्यांनी जमवले. वयाची त्रेचाळीस वर्षे उलटलेल्या, पॅरिसच्या विद्यापीठात शिकलेल्या विद्वानाने असे बाळबोध व्हावयास तयार होणे ही सामान्य गोष्ट नाही.

परंतु केवळ नम्रतेने भाषा येत नाही. ईश्वर या शब्दास जपानी प्रतिशब्द हवा होता. अंजिरोने 'दाइनिची' हा शब्द सुचवला आणि झेवियरने तो उचलला. आता दाइनिची म्हणजे कोण? शिंगोन नावाच्या बौद्ध संप्रदायाचा आराध्य बुद्ध, म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतील महावैरोचन! शिंगोन भिक्षूंना आनंद झाला. हा परदेशी साधू लांबून येऊन आमच्याच देवाचे नाव घेतो, असे त्यांस वाटले. १५५१ मध्ये यामागुची येथे त्यांच्याशी खोलात चर्चा झाली, तेव्हा झेवियरला चूक कळली. दाइनिचीची पूजा करू नका, असे त्याने फर्नांडेझला रस्त्यावर पुकारावयास लावले आणि प्रतिशब्दाचा नाद सोडून 'देउस' हा मूळचाच शब्द ठेवला. त्यावर विरोधकांनी कोटी केली की हा 'देउसु' नव्हे, 'दाइ उसो' आहे, आणि 'दाइ उसो' म्हणजे मोठे खोटे!

हसू येण्यासारखी ही गोष्ट असली तरी तिच्यातील शिकवण गंभीर आहे. आपल्या शब्दासमोर त्यांचा शब्द ठेवला की अर्थ पोहोचला, असे नवशिक्यास वाटते. पण प्रत्येक शब्दाचे गोत असते, घराणे असते. अंजिरो बिचारा साधा मनुष्य. धर्मग्रंथांचा अभ्यासक नव्हे. त्याने केलेली भाषांतरे सुशिक्षित जपानी लोकांना हास्यास्पद वाटली, असे पुढच्या धर्मोपदेशकांनीच नमूद केले आहे. आमच्या मते दोष त्याचा नव्हता. एकाच माणसाच्या तोंडून एका राष्ट्राची सगळी भाषा ऐकावयाची ठरवली, यात चूक होती. या पहिल्या गुरूचा शेवटही करुण झाला. तो कागोशिमा सोडून चाच्यांच्या टोळीत शिरला आणि चीनच्या किनाऱ्याकडे मारला गेला, असे सांगतात.

पुढची पिढी शहाणी निघाली. १५७९ मध्ये आलेसांद्रो व्हालिग्नानो हा इटालियन अधिकारी जपानात आला. (त्याच वर्षी फादर स्टीफन्स गोव्यास उतरले, हेही येथे आठवावे.) नव्याने येणाऱ्यांनी आधी भाषा शिकली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. त्याच्याच योजनेने १५८२ मध्ये चार जपानी मुलगे युरोपास गेले. परतीच्या वाटेवर ते गोव्यात राहिले. त्यांपैकी हारा मार्तिन्यो याने तेथे लॅटिन भाषेत भाषण केले आणि ते १५८८ मध्ये गोव्यातच छापले गेले. १५९० मध्ये ही मंडळी जपानास पोहोचली तेव्हा त्यांच्याबरोबर एक छापखाना होता.

या छापखान्यातून निघालेले एक पुस्तक आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. आमाकुसा येथे १५९२ मध्ये 'हेइके मोनोगातारी' ही जपानची प्रसिद्ध युद्धकथा रोमन लिपीत छापली गेली. जपानची भाषा आणि इतिहास शिकू इच्छिणाऱ्यांसाठी बोलभाषेत सोपी करून सांगितलेली, असा खुलासा तिच्या मुखपृष्ठावरच आहे. हे काम फुकान फाबियान नावाच्या जपानी माणसाने केले. एकाने विचारावे आणि दुसऱ्याने कथा सांगावी, असा संवादाचा घाट त्याने तिला दिला. पुढच्या वर्षी इसापच्या गोष्टीही अशाच निघाल्या. व्याकरणाच्या आधी गोष्ट, आणि गोष्टही त्या देशाची, ही केवढी समंजस कल्पना! या मुद्रणाची एकच प्रत आज उपलब्ध असून ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

१६०३ मध्ये नागासाकीस जपानी-पोर्तुगीज कोश छापला गेला. पुढील वर्षीची पुरवणी धरून त्यात सुमारे ३२,००० शब्द आहेत. क्योतोकडचा शब्द कोणता, क्यूशू बेटावरचा कोणता, बायकांच्या बोलण्यातला कोणता, काव्यातला कोणता आणि गावंढळ कोणता, हे त्यात खुणा करून दाखवले आहे. एका अंजिरोवर विसंबण्याची चूक पन्नास वर्षांत किती दुरुस्त झाली, ते यावरून दिसते.

या सर्व खटपटीचा कळस म्हणजे जुआंव रॉड्रिग्ज. हा पोर्तुगालच्या खेड्यातला मुलगा १५७७ मध्ये, सोळा-एक वर्षांच्या वयात, जपानात आला आणि तेथेच वाढला. त्याचे जपानी इतके उत्तम की 'त्सूजी', म्हणजे दुभाष्या, हेच त्याचे उपनाव झाले. हिदेयोशी आणि इएयासू या दोन्ही सत्ताधीशांपुढे त्याने दुभाष्याचे काम केले. त्याचे मोठे व्याकरण नागासाकीस १६०४ ते १६०८ या काळात छापले गेले. पुढे दरबारातील कारस्थानांमुळे १६१० मध्ये त्याला जपान सोडावे लागले. मकावच्या वनवासात, १६२० मध्ये, त्याने एक लहान व्याकरण प्रसिद्ध केले, तेही खास नवशिक्यांसाठी. भाषा दोन वाटांनी येते, लोकांत राहून आणि शास्त्राने शिकून, असे तो तेथे सांगतो. शिक्षक जाणता जपानी असावा आणि वाचावयाचे ग्रंथ जपानी लेखकांचेच असावेत, हा त्याचा कटाक्ष आहे. ज्या देशात परत जाता येईल याचा भरवसा नव्हता, त्या देशाच्या भाषेचे पहिले पुस्तक त्याने इतक्या आस्थेने लिहावे, हे आम्हांस विशेष वाटते.

रॉड्रिग्जची एक अडचण मात्र आपण मराठी माणसांनी समजून घेण्यासारखी आहे. त्याच्यापुढे व्याकरणाचा नमुना लॅटिनचा होता. त्या साच्यात जपानी बसवताना त्याच्या नाकी नऊ आले असतील. आपणास तो त्रास तितका नाही. 'मी पुस्तक वाचतो' हे जपानीत 'वाताशी वा होन् ओ योमु' असे होते. कर्ता आधी, मग कर्म, क्रियापद शेवटी. 'वा' आणि 'ओ' हे आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे शब्दामागून येतात. 'वाताशी नो होन्' म्हणजे माझे पुस्तक. तो 'नो' आपल्या चा-ची-चे यांचे काम एकटाच करतो. उलट तो वाचतो, ती वाचते, ते वाचतात, या सर्वांस एकच 'योमु' पुरतो. आदराची गोष्टही आपल्या ओळखीची आहे. ये, या, यावे यांतला फरक मराठी मुलास घरातच कळतो. जपानी ही भेदरेषा अधिक खोल नेतो. साधे खाणे 'ताबेरु', थोरांचे खाणे 'मेशिआगारु', आणि आपण नम्रपणे स्वतःचे सांगताना 'इतादाकु'.

नवशिक्याची खरी कसोटी लागते ती चिनी चिन्हांपाशी. पर्वताचे चिन्ह एकच. ते कधी 'यामा' असे वाचावयाचे, कधी 'सान' असे. पहिला उच्चार जपानी, दुसरा चीनकडून आलेला. 'फुजीसान' यातला 'सान' हा तो पर्वत होय. माणसाच्या नावापुढे लागणारा आदरार्थी 'सान' नव्हे. पण त्यांची स्वतःची अक्षरमाला पाहा: आ, इ, उ, ए, ओ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम ऐकून आपली धुळाक्षरे आठवत नाहीत काय? 'सा' आपल्या चवर्गाच्या जागी आणि 'हा' पवर्गाच्या जागी आहे. कारण 'हा'चा उच्चार प्राचीन काळी 'पा' असा होता. हा योगायोग नव्हे. ७३६ मध्ये बोधिसेन हा भारतीय भिक्षू जपानास गेला होता, आणि ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाचा नेत्रोन्मीलनविधी त्याच्या हस्ते झाला. ८०६ मध्ये कूकाई हा भिक्षू चीनहून परतला तो संस्कृत मंत्र आणि ते लिहिण्याची सिद्धम् लिपी घेऊन. या लिपीच्या अभ्यासातूनच जपानी अक्षरांना हा क्रम लाभला. झेवियरला चकवणारा महावैरोचन आणि ही अक्षरमाला, दोन्ही एकाच वाटेने जपानात पोहोचली होती.

१६१४ मध्ये धर्मोपदेशकांना हद्दपार करण्याचा हुकूम निघाला आणि १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना बंदी झाली. तेव्हा ही पाठशाळा मोडली. पण विद्येची हौस अशी की ती दुसऱ्या टोकाला रशियात उगवली. वादळात सापडून कामचाट्काला लागलेल्या देनबेई नावाच्या जपानी माणसास १७०२ मध्ये पीटर बादशहापुढे नेण्यात आले आणि काही रशियन तरुणांना जपानी शिकवण्याचे काम त्याच्यावर सोपवले गेले. पुढे १७२९ मध्ये गोन्झा नावाचा अकरा वर्षांचा मुलगा असाच भरकटला. त्याचे बहुतेक सोबती तेथे मारले गेले. सेंट पीटर्सबर्ग येथे त्याने रशियनांना आपली भाषा शिकवली, सुमारे १२,००० शब्दांच्या कोशाचे काम केले आणि १७३९ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो वारला. हाही सात्सुमाचाच, अंजिरोच्या मुलखातला! म्हणून रशियनांच्या त्या कोशात सात्सुमाची बोली उतरली. पोरक्या मुलाच्या तोंडची ती भाषा एका साम्राज्याचे पाठ्यपुस्तक झाली.

एकोणिसाव्या शतकात जपानचे दरवाजे पुन्हा उघडले. हेपबर्न या अमेरिकन डॉक्टराचा जपानी-इंग्रजी कोश १८६७ मध्ये निघाला आणि ग्रंथांचा तुटवडा संपला. ती हकीकत सर्वश्रुत असल्याने आम्ही येथेच थांबतो.

श्रोतेहो, या माणसांनी जपानी शिकली ती निरनिराळ्या हेतूंनी, धर्मासाठी, व्यापारासाठी, राज्यविस्तारासाठी. ते हेतू बव्हंशी इतिहासजमा झाले. राहिली ती पुस्तके, आणि त्या पुस्तकांमागे उभी असलेली माणसे. कॅरीसाहेबाचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले, त्यामागे वैजनाथ पंडित होते, हे आपण विसरत नाही. तसेच अंजिरो, फाबियान, देनबेई, गोन्झा यांचे आहे. मुखपृष्ठावर नाव विद्यार्थ्याचे आले, परंतु शब्द मात्र त्यांच्या तोंडचे होते. आज आपल्या गावातील एखादी मुलगी वहीत 'आ, इ, उ, ए, ओ' गिरवीत असेल, तर तिने हे पूर्वज एकदा आठवावेत. शब्दासमोर शब्द मांडताना दाइनिचीची गोष्ट ध्यानात ठेवावी आणि चुकल्यास लाजू नये. झेवियरसारखा विद्वानही चुकला, आणि चूक कळताच त्याने ती भर रस्त्यावर कबूल केली. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.