भाजलेले फळ: राखेतल्या कैरीपासून तव्यावरच्या अननसापर्यंत

हल्ली मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून बरेच रुग्ण विचारतात, "डॉक्टरसाहेब, अननस, केळी, पेरू भाजून खाल्ले तर चालतात का? मिठाईही टळेल आणि गोडही खायला मिळेल." उत्तर सरळ आहे: चालतात. पण भाजल्यावर फळातले काय कमी होते, काय तसेच राहते आणि काय नव्याने तयार होऊ शकते, हे माहीत हवे. या प्रश्नांची उत्तरे वैद्यकाच्या इतिहासात चांगली सापडतात.

पद्धत आपलीच, फळे मात्र पाहुणी

फळ भाजणे आपल्याला नवीन नाही. उन्हाळ्यात चुलीच्या राखेत कैरी भाजायची आणि तिच्या गराचे पन्हे करायचे, ही मराठी घरांची जुनी रीत. भरताचे वांगे निखाऱ्यावर भाजतात, तेही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळच. हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती बसणाऱ्या आपल्या हिंगोलीकरांना भाजलेल्या पदार्थाची चव वेगळी सांगायला नको.

अननस आणि पेरू मात्र मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाने अननस पाहिले ते १४९३ मध्ये, ग्वाडेलूप बेटावर. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते भारतात आणले. 'अननस' हा शब्दही दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला.

काय कमी होते?

१७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टरने 'सॅलिसबरी' जहाजावर एक प्रयोग केला. स्कर्व्ही झालेले, म्हणजे हिरड्या सुजून रक्त येणारे, गळून गेलेले १२ खलाशी त्याने निवडले. दोघा-दोघांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना संत्री आणि लिंबू मिळाले, ते आठवड्याभरात सुधारले.

मग लिंडने सोयीचा विचार केला. ताजी फळे जहाजावर टिकत नाहीत, म्हणून रस तासन्‌तास तापवून, आटवून पाक करून ठेवावा असे त्याने सुचवले. त्या पाकात औषधी गुण फारसा उरला नाही. ताजे फळ आणि आटवलेला रस यांत फरक का पडतो, हे तेव्हा कोणाला सांगता येणे शक्यच नव्हते. ज्याला आपण आज 'क' जीवनसत्त्व म्हणतो, ते सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये वेगळे केले. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते.

म्हणून फळ जितके कमी वेळ भाजाल तितके चांगले. एका बाजूला दोन-तीन मिनिटे पुरेत. आणि रोजचे एखादे फळ कच्चेच खा. पेरू तर 'क' जीवनसत्त्वाचा खजिना, तो शक्यतो ताजाच खावा.

काय तयार होऊ शकते?

१७७५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग पाहिला आणि त्याचा संबंध काजळीशी जोडला. पुढे १९३३ मध्ये डांबरातून बेंझोपायरीन हे कर्करोगकारक द्रव्य वेगळे केले गेले. मांस निखाऱ्यावर भाजताना चरबी गळून जो धूर होतो, त्यातही अशी द्रव्ये असतात. फळांत चरबी अगदी थोडी, त्यामुळे हा धोका बराच कमी. तरी काळा कोळसा झालेला भाग काढून टाका आणि सोनेरी रंग आला की थांबा. बंद खोलीत कोळसा पेटवू नका. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. साधा लोखंडी तवा उत्तम.

काय तसेच राहते?

साखर! भाजल्याने फळात साखर वाढत नाही, पण कमीही होत नाही. पाणी उडून गेल्यामुळे तेच फळ आकाराने लहान होते, जास्त गोड लागते आणि नकळत जास्त खाल्ले जाते. खरा घोटाळा वरून घातलेल्या मध, गूळ, साखरेचा. एक मोठा चमचा मध म्हणजे सुमारे १७ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनांनुसार मध धरून अशी वरची साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत असेल तर अधिक चांगले. म्हणजे एका चमच्यातच अर्ध्याहून जास्त वाटा संपला. गूळ किंवा मध 'नैसर्गिक' म्हणून मधुमेहात चालतो, हा गैरसमज सोडा.

तुम्ही काय करावे?

मधुमेह असेल तर अननसाच्या दोन चकत्या किंवा वसमतकडचे अर्धे केळे, तेही जेवणानंतर लगेच नको, मधल्या वेळेला. चवीला दालचिनी, मिरपूड किंवा लिंबू वापरा. रक्तदाब असणाऱ्यांनी चाट मसाला आणि मीठ टाळावे, पन्ह्यातही मीठ बेताचेच घालावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी केळे भाजले तरी त्यातले पोटॅशियम जात नाही हे लक्षात ठेवावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावे.

अननसाने ज्यांची जीभ चरचरते, त्यांना मात्र भाजण्याचा फायदा होतो. ती चरचर करणारे ब्रोमेलेन उष्णतेने निष्क्रिय होते.

थोडक्यात, फळ भाजा, पण थोडेच आणि थोडाच वेळ. वर साखर घातली नाही, तर घरचा हा गोड पदार्थ मिठाईपेक्षा नक्कीच बरा.