चिखलाचे नाव मस्टरवर



कॉटन ग्रीन स्टेशनात उतरल्यावर रुईबाजाराच्या वेळची जुनी गोदामे दिसतात. ती ज्या जमिनीवर उभी आहेत ती जमीन सव्वाशे वर्षांपूर्वी नव्हतीच. पोर्ट ट्रस्टने 1908 ते 1912 या काळात माझगाव-शिवडीची भरणी करून सुमारे 583 एकर जमीन समुद्राकडून घेतली. कुलाब्याचा रुईबाजार 1920 च्या दशकात तेथे आला. नावातली हिरवळ मूळची कोटातली. 1844 त बाजार कुलाब्यास गेला तरी नाव सुटले नाही, आणि शेवटी ते चिखलावरच्या भरणीला येऊन चिकटले!

त्या भरणीखाली जी दलदल गेली तिच्याकरिता कोणी हरकत घ्यायची म्हटली असती तर कोणत्या कलमाखाली? पाणथळ म्हणजे वाया गेलेली जागा, हिवतापाचे घर, अशीच त्या काळची समजूत होती. त्या इंजिनिअरांना आम्ही दोष देत नाही. पण आमचे सारे आयुष्य गोदामांतल्या हमालांत गेले, आणि त्यांच्यापासून आम्ही एक गोष्ट शिकलो. हमाल पाठीवर गाठी वाहत होता, तरी 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येत तो बसत नसे; कोणत्याही मालकाच्या मस्टरवर त्याचे नाव नसे. 1969 चा माथाडी कायदा झाला तेव्हा कुठे तो कायद्याला दिसू लागला. चिखलाचेही तसेच आहे.

किनाऱ्याचा पहिला मोठा नियम, म्हणजे केंद्र सरकारची किनारा नियमन अधिसूचना, 19 फेब्रुवारी 1991 रोजी निघाली. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, 25 मार्चला, मुंबईची विकास नियंत्रण नियमावली अंमलात आली. अधिसूचनेने भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्याला संरक्षण दिले खरे; पण नाजूक जागांच्या यादीत तिवरांचे नाव होते, चिखलाचे नव्हते. जिवंत चिखलमैदाने असा स्पष्ट उल्लेख 2011 च्या अधिसूचनेत आला. तोवर शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो येऊ लागून कित्येक वर्षे लोटली होती. पक्ष्यांना कायद्याआधी कळले, असे म्हणावे काय?

यादीत नाव येणे किती मोलाचे, हे गिरणगावाला वेगळे सांगायला नको. त्याच 1991 च्या नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे तिसरा हिस्सा मोकळ्या जागांना आणि तिसरा घरांना द्यायचा होता. 2001 साली दुरुस्ती झाली आणि हिशेब साऱ्या जमिनीऐवजी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचा धरला जाऊ लागला. 2006 त सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. एका शब्दाच्या अर्थात मैदाने गेली. आम्ही मोर्चे काढले; पण दुरुस्ती छापून आली त्या दिवशी आम्ही ती वाचली नव्हती, हा आमचा गुन्हा आम्ही येथे कबूल करतो.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला दिवसभरात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी मुरायला, पसरायला जागा लागते हे मुंबईला नाकातोंडात पाणी जाऊन समजले. त्याच ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबवली व त्यांच्यापासून 50 मीटरांत बांधकामास मनाई केली. पाणथळ जागांचे वेगळे नियम 2010 साली झाले, 2017 साली बदलले. या नव्या नियमांच्या व्याख्येत मिठासाठी बांधलेल्या जागा येत नाहीत, म्हणजे मिठागरे बाहेर; किनारा नियमनातले क्षेत्रही बाहेर, त्याला त्याची अधिसूचना. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झाले, 2022 त त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. पण ते खाडीत वरच्या अंगाला, शिवडी त्याच्या हद्दीबाहेर. जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला अटल सेतू रीतसर परवानगी घेऊनच शिवडीच्या चिखलावरून गेला आहे.

आणि पालिकेची नियमावली? आमच्या धक्क्यालगतच्या जमिनीसाठी 2018 साली खुद्द बंदरालाच नियोजन प्राधिकरण नेमले गेले. जमीन ज्याची, आराखडाही त्याचाच. तथापि 1966 च्या नगररचना अधिनियमाने आराखड्यावर हरकती-सूचना मागवण्याचे बंधन घातले आहे, ते कोणाही प्राधिकरणाला चुकत नाही.

वस्तीतल्या एका सभेत आम्ही हे समजावून सांगत होतो. एक वृद्ध हमाल उठून म्हणाला, "साहेब, अर्जावर नाव-पत्ता लिहावा लागतो. चिखलाचा पत्ता काय लिहू?" आम्ही म्हटले, "दादा, भरतीची रेषा नकाशावर कुठे ओढली आहे ते आधी बघू." मग टेबलावर नकाशा पसरला, आणि चष्मा शोधण्यात पाच मिनिटे गेली.