चित्रशीर्षक व चित्रसूची (शब्दसंस्करण)

चित्रशीर्षक म्हणजे आकृती, नकाशा वा छायाचित्राखालची क्रमांकासह ओळख, आणि चित्रसूची म्हणजे अशा शीर्षकांची पृष्ठांकांसह दिलेली यादी. मावळातील कार्ले येथील चैत्यगृहावरील प्रबंधात तलविन्यास, दर्शनी भागातील मिथुनशिल्पे आणि ३७ स्तंभ वाचकाला नेमके दाखवायचे असल्याने या दोन्हींवाचून चालत नाही. फर्ग्युसन व बर्जेस यांचा भारतातील लेण्यांवरील ग्रंथ १८८० मध्ये निघाला, तेव्हा असे क्रमांक खिळे जुळवताना हातानेच द्यावे लागत.

आता वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर या शब्दसंस्करण-प्रणालींमध्ये क्रमांक शीर्षक घालण्याच्या आज्ञेने घेतला, तर तो फील्ड, म्हणजे संगणकाने मोजून भरलेला मजकूर, म्हणून बसतो आणि मध्ये नवे चित्र आले तरी पुढचे क्रमांक सरकतात. चित्र वगळल्यावर वा हलवल्यावर मात्र वर्डमध्ये सर्व मजकूर निवडून एफ-९ कळ दाबावी लागते. ‘आकृती’ हे मराठी लेबल एकदाच तयार करावे, कारण सूची लेबलावरून जमवली जाते आणि हाताने टंकलेला ‘आकृती ७’ तिच्यात येतच नाही. सूचीत शीर्षकाचा संपूर्ण परिच्छेद उतरतो. म्हणून ‘आकृती ४ : स्तूपामागील सात साधे स्तंभ’ एवढेच शीर्षक ठेवून छायाचित्रकाराचे नाव व तपशील पुढील परिच्छेदात देणे इष्ट. चित्राच्या परिच्छेदाला ‘पुढील परिच्छेदासोबत ठेवा’ हा गुण दिल्यास शीर्षक दुसऱ्या पानावर एकटे पडत नाही.